संगणकावर औषधांच्या ऑर्डरी सुरू करण्याआधी

सॉफ्टवेअर आलं की बहुतेक ठिकाणी लगेच प्रशिक्षणाची घाई होते. आधी हात घाला औषधांच्या मास्टर यादीला, म्हणजे संगणकातल्या मूळ यादीला. जेनेरिक नाव, स्ट्रेंथ, द्यायचा मार्ग, मात्रेचं एकक ही माहिती फार्मासिस्टकडून ओळ न् ओळ तपासून घ्या. इथे राहिलेली चूक प्रत्येक रुग्णापर्यंत पोचते.

सगळ्यात घातक गोंधळ एककाचा. समजा, 160 मिलिग्रॅमची एक गोळी द्यायची आहे, रुग्णाचं वजन 38.6 किलो आहे आणि एककाच्या रकान्यात चुकून 'मिलिग्रॅम प्रति किलो' तसंच राहिलं. संगणक 6176 मिलिग्रॅम काढतो, म्हणजे 38हून जास्त गोळ्या! गुणाकार बरोबर, ऑर्डर जीवघेणी. म्हणून प्रत्येक औषधाला एका वेळची कमाल मात्रा घाला आणि ती ओलांडली की ऑर्डर अडलीच पाहिजे, नुसता इशारा पुरत नाही. लहान मुलांचं वजन मोजून, किलोमध्ये भरल्याशिवाय ऑर्डर पुढे जाऊ देऊ नका. 'मायक्रोग्रॅम' पूर्ण लिहा. 5.0 ऐवजी 5, .5 ऐवजी 0.5 लिहा, म्हणजे दशांशचिन्ह नजरेतून सुटून मात्रा दहापट वाचली जात नाही. संधिवातासाठी तोंडावाटे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. तिथे 'रोज' हा पर्याय आपोआप येता कामा नये.

इशारे मोजकेच ठेवा: ॲलर्जी, कमाल मात्रा, तेच औषध दोनदा, दोन औषधांची एकमेकांवर होणारी गंभीर आंतरक्रिया. दर ऑर्डरला खिडकी उघडली की डॉक्टर न वाचताच ती बंद करतात. कोणते इशारे सतत डावलले जातात ते दरमहा पाहा आणि निरुपयोगी काढून टाका.

सुरुवात एका वॉर्डात करा, पण त्या वॉर्डात कागद आणि संगणक दोन्ही चालू ठेवू नका. एकच डोस दोनदा जातो. तातडीच्या रुग्णाची ऑर्डर तो पोचण्याआधी भरता आली पाहिजे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका बाल रुग्णालयात ती सोय नव्हती. नवी यंत्रणा आल्यावर तिथे बाहेरून हलवलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण 2.80 वरून 6.57 टक्क्यांवर गेल्याचं 2005 साली प्रसिद्ध झालं. कामाचा क्रम बिघडला की चांगलं यंत्रही घात करतं.

औषध देताना बारकोड स्कॅन रुग्णाच्या हातावरच्या मनगटपट्टीचाच व्हावा. सिस्टर पट्ट्यांच्या जादा प्रती टेबलावर ठेवू लागल्या तर त्यांना बोलण्याआधी स्कॅनरची बॅटरी, पट्टीवरची पुसट छपाई आणि खाटेपर्यंतचं नेटवर्क तपासा.

यंत्रणा बंद पडेल तेव्हासाठी चालू औषधांची छापील यादी वॉर्डात ताजी ठेवा. पुन्हा सुरू झाल्यावर आधी दिलेले डोस नोंदवा, मगच नव्या ऑर्डरी घ्या.