दिसणार नाहीत असे अडथळे: देखण्या घरात सुरक्षा कशी मुरवायची

घर बांधून झालं, की मग सुरक्षेचा विचार सुरू होतो. तोवर उशीर झालेला असतो. लाखमोलाच्या दगडी भिंतीला बाहेरून लोखंडी गज ठोकावे लागतात आणि घर तुरुंगासारखं दिसायला लागतं. अडथळा लपवायचा असेल तर त्याची जागा जोत्याच्या आणि चौकटींच्या नकाशातच ठरवावी लागते. शटरला खोबण हवी, दाराला काँक्रीटची बाजू हवी, गाडी अडवणाऱ्या खांबाला पाया हवा. या तिन्ही गोष्टी प्लास्टर झाल्यावर जमत नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच मनात पक्की असू द्या. कुठलाच अडथळा चोराला कायमचा थांबवत नाही, फक्त वेळ खातो. युरोपात दारं-खिडक्या तपासण्याचं ईएन 1627 हे मानक आहे. त्यात आरसी 2 वर्गाचं दार साध्या हत्यारांपुढे 3 मिनिटं टिकावं लागतं, आरसी 3 चं दार पहारीपुढे 5 मिनिटं आणि आरसी 4 चं 10 मिनिटं. त्यामुळे अलार्मचा सेन्सर अडथळ्याच्या बाहेरच्या बाजूला हवा. दार फुटल्यावर वाजणारा अलार्म दाराने मिळवून दिलेली सगळी मिनिटं वाया घालवतो.

बागेपासून सुरुवात

उंच भिंत हा सर्वांत आळशी उपाय. तिच्याआड काय चाललंय हे रस्त्यावरच्या कुणालाच दिसत नाही, म्हणजे आडोसा चोरालाच मिळतो. त्याऐवजी जमिनीची पातळी बदला. अठराव्या शतकातल्या इंग्रजी बागांमध्ये ‘हा-हा’ नावाचा खंदक असे. घराकडच्या बाजूला उभी भिंत आणि बाहेरच्या बाजूने हळूहळू खाली येणारा उतार. घरातून पाहिलं तर हिरवळ अखंड दिसते, बाहेरून येणारा मात्र उतार उतरून भिंतीला अडतो. मुळात तो गुरं अडवायला होता. माणसासाठी उभी बाजू निदान 2 मीटर ठेवा. भिंतीमागे आणि खंदकाच्या तळाशी छिद्रांचा पाइप टाकून पाणी काढून द्या, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात मागच्या ओल्या मातीचा दाब भिंतीला बाहेर ढकलतो. घराकडच्या काठावर गुडघाभर झुडपं आणि त्यांत दडलेला बारीक कठडा हवाच. अंधारात पाहुणाही तिथून पडू शकतो.

काटेरी कुंपण स्वस्तातलं आणि चांगलं काम करतं. करवंद किंवा बोगनवेल दोन ओळींत, नागमोडी, रोपांत साधारण 60 ते 75 सेंटीमीटर अंतर ठेवून लावा. मधोमध साधी जाळी उभारली की दोन-तीन वर्षांत ती पानांत गडप होते. छाटणी करताना खालचा भाग वरच्यापेक्षा रुंद राहू द्या. उलटं झालं तर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, त्या वाळतात आणि बुंध्याशी माणूस सरपटत शिरेल एवढी भोकं पडतात.

गाडी धडकवून फाटक तोडण्याचा धोका असेल, तर खांबांआधी रस्त्याला वळण द्या. गाडीची धडक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 चा वेग 30 वर आणला, तर खांबावर येणारी ऊर्जा पावपट होते. एक नीट आखलेलं वळण अनेक टन काँक्रीट वाचवतं. मग खांब: दोन खांबांमधली मोकळी जागा 1.2 मीटरपेक्षा जास्त नको. खांबाला दगडाचं किंवा लाकडाचं आवरण चढवता येतं, पण धडकेच्या चाचणीचं प्रमाणपत्र खांब आणि पाया दोघांचं मिळून असतं. खाली पाण्याची लाइन आली म्हणून पाया अर्धा केला, तर ते प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद. मोठाल्या कुंड्यांचंही तेच. पायात न बांधलेली कुंडी गाडीपुढे घसरत जाते आणि कधीकधी स्वतःच दार फोडते. अग्निशमनाची गाडी आत कशी येणार, हे त्या दलाला विचारूनच खांबांची जागा ठरवा.

सरकत्या फाटकाला दोन्ही टोकांना वेल्ड केलेला पक्का अडसर द्या. तो नसला, की टोकाला मोटर थांबवणारा लिमिट स्विच बिघडल्या दिवशी चारशे किलोचं फाटक रुळाबाहेर जाऊन आडवं होतं. वाटेत कुणी आलं की फाटक थांबवणारे फोटोसेल (प्रकाशाचे सेन्सर) दोन उंचींवर बसवा. एकच कमरेच्या उंचीला असेल तर रांगणारं मूल त्याला दिसत नाही.

दर्शनी भाग शिडी होऊ देऊ नका

आडव्या लाकडी पट्ट्यांचे पडदे सध्या सगळीकडे दिसतात. दिसायला सुरेख, पण ती चक्क शिडी आहे. पट्ट्या उभ्या घ्या. पावसाचे पाइप भिंतीच्या खोबणीत घालून झाका, एसीचं बाहेरचं युनिट गॅलरीखाली टांगू नका, आणि परगोल्याच्या (उघड्या मांडवाच्या) तुळया वरच्या खिडकीपासून निदान दीड-दोन मीटर लांब थांबवा.

नक्षीची जाळी वापरायची तर पत्र्याची जाडी पाहा. लेझरने कापलेला 2-3 मिलिमीटरचा पत्रा पहारीने दुमडतो. 6 मिलिमीटरची प्लेट घ्या, किंवा नक्षीच्या रेषांमागे बरोबर लपतील असे 12 मिलिमीटरचे उभे गज द्या, मधलं अंतर 100 मिलिमीटरपेक्षा कमी. जाळी प्लास्टरमध्ये स्क्रूने न अडकवता काँक्रीटमध्ये आधी गाडलेल्या प्लेटला वेल्ड करा.

काच: इथे सर्वाधिक फसगत होते

‘टफन काच (तापवून कडक केलेली) लावली आहे, मजबूत आहे’ हे वाक्य विसरून जा. टफन काचेच्या कोपऱ्यावर टोकदार घाव बसला, की ती एका क्षणात भुगा होऊन पडते आणि भोक मोकळं होतं. वेळ खाते ती लॅमिनेटेड काच: दोन काचांमध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा थर. काच तडकते, थर ती धरून ठेवतो. काचेसाठीच्या ईएन 356 या युरोपीय मानकात पी4ए वर्गासाठी 4.11 किलोचा पोलादी गोळा 9 मीटरवरून तीनदा सोडतात आणि तो आरपार जाता कामा नये. पी5ए साठी तोच गोळा नऊ वेळा. त्याच्यावरच्या पी6बी ते पी8बी वर्गांत कुऱ्हाडीचे घाव मोजतात. पी6बी ला 30 च्या वर आणि पी8बी ला 70 च्या वर घाव लागावे लागतात.

बागेकडच्या मोठ्या काचांना 4 + 4 मिलिमीटर काच आणि मध्ये 1.52 मिलिमीटर थर, म्हणजे साधारण पी4ए, हा किमान पर्याय समजा. याचं वजन चौरस मीटरला 21-22 किलो भरतं. 3 चौरस मीटरची झडप 65 किलोच्या घरात जाते, त्यामुळे बिजागऱ्या आणि चाकं त्या वजनाचीच मागवा. हा थर जवळजवळ सगळी अतिनील किरणं अडवतो आणि आवाजही कमी करतो. घरमालकाला खर्च पटवून द्यायला हे दोन मुद्दे पुरतात.

दोन्ही काचा टफन घेऊन लॅमिनेट केल्या, तर फुटल्यावर अख्खं तावदान ओल्या गोधडीसारखं लोंबतं आणि चौकटीतून निसटतं. टफन लागणारच असेल तर पीव्हीबीऐवजी आयनोप्लास्ट या ताठ प्लास्टिकचा थर मागा.

काच टिकली तरी ती चौकटीतून सुटली तर काय उपयोग? काच धरणारी पट्टी आतल्या बाजूने हवी. बाहेरून असेल तर एक पटाशी पुरते. खोबणीतल्या कडा न्यूट्रल सिलिकॉनने चिकटवा. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन पीव्हीबीच्या कडेला लागलं, की काही महिन्यांत तिथून पांढुरके बुडबुडे आत सरकताना दिसतात. खोबणीत पाणी साठलं तरी तसंच होतं, म्हणून खालच्या पट्टीतली निचऱ्याची भोकं रंगाने किंवा सिलिकॉनने बुजलेली नाहीत ना, ते ताब्यात घेताना सुई घालून पाहा.

सरकत्या दारांचा दुबळेपणा वेगळाच: झडप उचलून रुळावरून काढता येते. वरच्या खोबणीत नायलॉनचे ठोकळे बसवा, वर 2-3 मिलिमीटरच फट राहील इतके.

मुख्य दार

पोलादी पत्र्याच्या दारावर सागवानी व्हेनियर चढवलं, की बाहेरून ते साधं लाकडी दार वाटतं. पण लाथ मारल्यावर दार क्वचितच तुटतं, चौकट भिंतीतून सुटते. चौकट आणि भिंत यांच्यात नुसता फोम भरलेला असेल तर पहारीने चौकट फाकते आणि कडी आपोआप बाहेर येते. प्रत्येक बिजागरीमागे आणि प्रत्येक कडीमागे कडक प्लास्टिकचा किंवा टणक लाकडाचा ठोकळा घट्ट बसवा आणि त्यातूनच अँकर (भिंतीत रुतणारा बोल्ट) आरपार घाला. फोम त्यानंतर, फक्त हवा अडवायला. भिंत पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची असेल तर दाराच्या दोन्ही बाजूंना 150 मिलिमीटर रुंदीचे काँक्रीटचे पट्टे आधीच ओतून घ्या. हलक्या ब्लॉकमधला अँकर हाताने हलवूनही सैल होतो.

दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीच्या बाजूला चौकटीत शिरणारे स्थिर खिळे हवेत, म्हणजे बिजागरी कापली तरी झडप निघत नाही. कुलुपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली शिरते तो भाग, दारावरच्या पट्टीबाहेर 3 मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावता कामा नये. पक्कडीला तेवढी पकड मिळाली की तो मधोमध मोडतो.

खोबणीतलं शटर

खिडकीवरच्या लिंटेलमध्ये शटरची पेटी दडवायची असेल तर अडीच मीटर उंचीला साधारण 200 ते 250 मिलिमीटर जागा लागते. नक्की आकडा पातीच्या जाडीवर ठरतो, तो उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या आणि मगच लिंटेलची पातळी ठरवा. पेटी उघडायचं झाकण खालच्या बाजूने ठेवा. ते विसरलं, तर मोटर बदलायला दगडी आवरण फोडावं लागतं. नळीतली मोटर सलग चार-पाच मिनिटं चालवली की गरम होऊन आपोआप थांबते. बसवताना लिमिट सेट करायला ती सारखी वर-खाली होते, मग ‘मोटर जळली’ म्हणून नवी मागवली जाते. थंड होऊ द्या, चालेल.

प्रत्येक झोपायच्या खोलीत निदान एक अडथळा आतून, किल्लीविना आणि विजेविना उघडणारा हवा. शटरला हाताने फिरवायचा दांडा, जाळीला आतून खटका. आगीत हेच दार किंवा खिडकी जीव वाचवते, त्यामुळे यात तडजोड नको.

आसऱ्याची खोली

चोर घरात शिरलाच तर मदत येईपर्यंत आत कोंडून घ्यायची ही खोली. कपड्यांच्या खोलीलाच आसऱ्याची खोली करणं सर्वांत सोपं. दार मजबूत असतं, पण भिंत जिप्समची असेल तर ती चाकूनेही कापली जाते. दोन बोर्डांच्या मध्ये 18 मिलिमीटर प्लायवुड किंवा एक्सपांडेड मेटलची जाळी भरा आणि भिंत फॉल्स सीलिंगपाशी न थांबवता थेट स्लॅबपर्यंत न्या. छताच्या पोकळीतून पलीकडच्या खोलीत उतरता येतं, हे बहुतेक कंत्राटदारांच्या डोक्यातच येत नाही. पोलादी अस्तराने मोबाइलचा सिग्नल मरतो, म्हणून तारेचा फोन किंवा इंटरनेटची जोडणी आत आणा. हवेचा मार्ग वेगळा ठेवा.

ताबा घेताना

मेन स्विच बंद करून रात्रीच्या अंधारात सगळं तपासा: प्रत्येक शटर हाताने उघडतं का, फाटकाची किल्ली आतून लागते का, घरातली वयस्कर व्यक्ती आतला खटका स्वतः फिरवू शकते का. त्यानंतर महिन्यातून एकदा प्रत्येक शटर पूर्ण वर-खाली करा, वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या पात्या एकमेकींना चिकटतात. शटरच्या उंबऱ्यातली फट पावसाळ्याआधी साफ करा. बॅटऱ्यांवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. कुठे काय दडवलंय याचे नकाशे मोजक्याच लोकांना द्या, कुणाला कोणती प्रत दिली ते टिपून ठेवा आणि काम संपल्यावर त्या प्रती परत मागून घ्या.