दृष्टिबाधित मुलाला वाढवताना आईने स्वतःचे मन कसे सांभाळावे

बाळाला दिसत नाही, किंवा फार कमी दिसते, हे डॉक्टरांनी सांगितल्यानंतर पुढचे सगळे कागद बाळाच्या नावाने तयार होतात. तपासण्या, शस्त्रक्रियेची तारीख, दिव्यांग प्रमाणपत्र या सगळ्यांची नोंद होते. आईला झोप लागते का, ती वेळेवर जेवते का, याची नोंद कुठेच होत नाही. तिच्या वाट्याला येतो तो एकच सल्ला, ‘धीर धर, आईने खचून कसे चालेल?’ त्या सल्ल्याने ती रडायची थांबत नाही, फक्त लपून रडू लागते. मन घट्ट करण्याचा उपदेश इथे करायचा नाही. आईचे मन ज्या गोष्टींमुळे पोखरले जाते त्या ओळखता येतात आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर घरातच काही करता येते.

पहिली गोष्ट अपराधीपणाची. ‘ग्रहणात भाजी चिरली असशील’, ‘गरोदरपणात काहीतरी चुकीचे खाल्ले असेल’ अशी वाक्ये आजही घराघरांत ऐकू येतात, आणि कोणी बोलले नाही तरी आई ती स्वतःच स्वतःला ऐकवत राहते. ग्रहणाचा आणि बाळाच्या डोळ्यांचा काहीही संबंध नाही. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी राहिलेली असते आणि जन्मानंतर ती वाढ वेडीवाकडी झाली तर ‘आरओपी’ हा आजार होतो. जन्मजात मोतीबिंदूमागे कधी आनुवंशिक कारण असते, कधी गरोदरपणातला रुबेलासारखा संसर्ग. दृष्टिपटलाच्या अनेक आनुवंशिक आजारांत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेले असते, दोघांची दृष्टी मात्र चांगली असते. नात्यातल्या लग्नात अशी शक्यता वाढते. यांपैकी कशातही आईने काही ‘केलेले’ नसते.

हे तिला एकटीला कळून भागत नाही. पुढच्या तपासणीला जाताना नवऱ्याला आणि शक्य असल्यास सासूबाईंनाही सोबत न्यावे आणि डॉक्टरांना विनंती करावी की आजाराचे कारण सर्वांसमोर, मराठीत, सोप्या शब्दांत सांगावे. कारण नक्की सांगता येत नसेल तर तेही त्यांनी स्पष्ट म्हणावे. सुनेने सांगितलेली गोष्ट आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट यांचे घरातले वजन वेगळे असते, हे वास्तव कितीही खटकले तरी ते उपयोगात आणावे. त्याच भेटीत आणखी तीन गोष्टी विचारून वहीत लिहून घ्याव्यात: दृष्टीत पुढे फरक पडण्याची शक्यता किती, पुढची तपासणी कधी, आणि घरी काय करायचे. मोतीबिंदू किंवा काचबिंदूसारख्या आजारात शस्त्रक्रियेला उशीर करू नये. मात्र दोन तज्ज्ञांचे मत एकच आल्यावरही खात्रीने दृष्टी आणून देण्याचा दावा करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीमागे धावत राहिले, तर पैसा जातोच आणि दर वेळी आशा मोडून आई नव्याने कोसळते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. आई आणि बाळ यांची पहिली ओळख बरीचशी डोळ्यांतून होते. आई बघते, बाळ बघते, हसते, आणि तिला वाटते की याने मला ओळखले. न दिसणारे बाळ असे बघत नाही. उलट आईचा आवाज आला की ते अनेकदा एकदम स्तब्ध होते, कधी मान खाली घालते किंवा चेहरा दुसरीकडे वळवते. आईला वाटते, याला मी नकोच आहे. ही भावना ती कोणालाही सांगू शकत नाही आणि आतून तुटत जाते. प्रत्यक्षात ती स्तब्धता म्हणजे कान देणे असते.

अशा बाळाच्या चेहऱ्याऐवजी त्याचे हात बघायला शिकावे. भरवायला बसण्याआधी वाटीवर चमचा हलकेच वाजवावा, बाळाला नावाने हाक मारावी आणि लगेच घास पुढे न करता थोडे थांबावे. चेहरा कोरा वाटेल, पण बोटे उघडतील, हवेत काहीतरी शोधतील, पदराचे टोक सापडले तर ते मुठीत घट्ट धरून ठेवतील. हेच त्याचे हसणे समजावे. त्याची बोटे आपल्या ओठांवर, गालांवर, बांगड्यांवर फिरू द्यावीत, आणि उचलण्याआधी ‘आता तुला उचलते हं’ असे प्रत्येक वेळी सांगावे. आवाजाच्या दिशेने हात पुढे करणे हे अशा मुलांत उशिरा, बहुधा पहिल्या वर्षाच्या अखेरीस येते आणि म्हणून रांगणेही लांबते. शेजारच्या बाळाशी तुलना करून स्वतःला जाळत बसू नये. बाळ आपल्याला ओळखते हे एकदा हातांतून कळले की आईच्या मनावरचा मोठा भार हलका होतो. या एका गोष्टीइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याही समुपदेशनाचा होत असेल असे मला वाटत नाही.

झोपेचाही विचार करायला हवा. शरीरातले झोपेचे घड्याळ प्रकाशावर जुळत असते. ज्या मुलाला उजेड-अंधारही कळत नाही त्याची झोप काही वेळा रोज थोडी थोडी पुढे सरकते आणि मध्यरात्री ते ताजेतवाने खेळायला लागते. आई महिनोन्‌महिने जागते आणि मग चिडचिड, रडू, विसराळूपणा यांना स्वतःचा स्वभाव समजते. दोन-तीन आठवडे भिंतीवरच्या कालनिर्णयावर बाळाच्या झोपण्याच्या आणि उठण्याच्या वेळा लिहाव्यात आणि तो कागद बालरोगतज्ज्ञांना दाखवावा, कारण या त्रासावर उपचार असतात. आठवड्यातल्या ठरावीक रात्री वडिलांनी जागायचे, हे मदत म्हणून नव्हे तर वाटणी म्हणून ठरवावे. ‘स्वतःसाठी वेळ काढ’ असे आईला सांगणाऱ्याने तो वेळ देणारे काम आधी स्वतःकडे घ्यावे.

लग्नकार्यात किंवा हळदीकुंकवाला गेल्यावर ‘बिचारं’ हा शब्द कानावर पडतोच. प्रत्येकीला सगळी हकीकत सांगण्याचे बंधन आईवर नाही. एक वाक्य तयार ठेवावे: ‘त्याला दिसत नाही, पण सगळे ऐकू येते, तुम्ही त्याच्याशीच बोला.’ मूल चारचौघांत डोळ्यांवर बोटे दाबते किंवा डुलते तेव्हा शरमून हातावर चापट मारू नये. त्याच्या हातात खुळखुळा किंवा किल्ल्यांचा जुडगा द्यावा. डोळे दाबणे फार वाढले तर डॉक्टरांशी बोलावे.

दुःख एकदाच येऊन संपत नाही. शेजारची मुले बालवाडीत जाऊ लागतात तेव्हा, पुढे मुलगी वयात येते तेव्हा, ते पुन्हा उसळते. याचा अर्थ आई मागे गेली असा होत नाही. शाळेच्या टप्प्यावर तर अपराधीपणाही परततो, विशेषतः निवासी शाळेचा निर्णय घेताना. 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षे वयात जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क 2016 च्या दिव्यांग कायद्याने दिला आहे. दादरची 1900 साली सुरू झालेली कमला मेहता अंधशाळा किंवा 1934 पासूनची पुण्याची अंधशाळा अशा संस्था महाराष्ट्रात जुन्या आहेत. मूल वसतिगृहात पाठवणे म्हणजे त्याला टाकून देणे नव्हे आणि घरी ठेवणे म्हणजे त्याचे नुकसान करणे नव्हे. निर्णयाआधी शाळेत जाऊन तिथे मूल शिकत असलेल्या दोन-तीन आयांशी निवांत बोलावे. जिल्हा रुग्णालयातील डीईआयसी केंद्रातही, म्हणजे लहान मुलांमधील दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रातही, अशा आया भेटतात. त्यांच्यासमोर काही समजावून सांगावे लागत नाही.

शेवटी एक मर्यादा ओळखून ठेवावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर औषध व समुपदेशन दोन्ही उपलब्ध आहेत. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. काय बोलावे सुचत नसेल तर ‘माझ्या बाळाला दिसत नाही आणि मला झोप लागत नाही’ एवढ्यानेही सुरुवात होते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, किंवा बाळाला इजा होईल अशी भीती वाटत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये. घरच्यांनी तिला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि बाळ तेवढा वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी कडेवर द्यावे.