बॅटरीची ग्रॅव्हिटी उतरली? आधी या चुका टाळा

इन्व्हर्टरवाला "ग्रॅव्हिटी अकराशे साठ आहे" म्हणतो, तेव्हा सफरचंद खाली पाडणारी ग्रॅव्हिटी त्याच्या डोक्यात नसते. तो विशिष्ट गुरुत्व सांगत असतो: सेलमधलं, म्हणजे बॅटरीच्या एकेका कप्प्यातलं, ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे. अकराशे साठ म्हणजे १.१६०. पूर्ण चार्ज झालेल्या, इन्व्हर्टरला लावतात त्या ट्यूब्युलर बॅटरीत हा आकडा साधारण १.२४० असतो, गाडीच्या बॅटरीत १.२६५च्या आसपास.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आकडा कमी दिसला की ॲसिड ओतणं. दुकानदारही कधीकधी हाच सल्ला देतात, आणि तो चुकीचा आहे. बॅटरी वापरली जाते तसं ॲसिडमधलं सल्फेट आतल्या शिशाच्या प्लेटांवर जाऊन बसतं, म्हणून द्रव पातळ होतो. चार्जिंग केलं की तेच सल्फेट द्रवात परत येतं. मधेच वरून ॲसिड घातलंत, तर पूर्ण चार्ज झाल्यावर द्रव गरजेपेक्षा तीव्र होतो आणि प्लेटा खातो. ॲसिड सांडलं असेल तरच ते भरायचं. एरवी फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचं किंवा आरओचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटांना बाधतात.

डिस्टिल्ड वॉटर घालून लगेच हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची काचेची नळी) बुडवू नका. पाणी हलकं, ते वरच तरंगतं आणि आकडा खोटाच कमी येतो. काही तास चार्जिंग होऊ द्या, मग मोजा.

एकच सेल तपासून निकाल देऊ नका. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, सहाही मोजा. पाच सेल १.२४० आणि एक १.१८० असेल, तर त्या एका सेलमध्ये दोष असण्याची शक्यता मोठी. सगळेच सारखे खाली असतील, तर बहुधा चार्जिंग अपुरं पडतंय.

उन्हाळ्यात ४० अंशांचं ॲसिड १.२३१ दाखवत असेल, तर घाबरू नका. आकडे २७ अंशांना धरून दिलेले असतात. वरच्या प्रत्येक अंशाला ०.०००७ मिळवा, १.२४० भरतं.

मोजताना हायड्रोमीटरचा तरंगता भाग काचेला चिकटू देऊ नका, आकडा डोळ्यांच्या रेषेत वाचा. चष्मा, हातमोजे घाला आणि जवळपास काडी पेटवू नका. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो.

सीलबंद बॅटरीची झाकणं मात्र उचकटू नका. काही तास लोड आणि चार्जिंग बंद ठेवून व्होल्टेज पाहा; बारा व्होल्टच्या बॅटरीत ते १२.६च्या आसपास असेल तर चार्जिंग ठीक आहे.