नवी डर्ट बाईक चोकवरच चालते?

डिसेंबरात नाशिकचा पारा १० अंशांखाली उतरला की स्वस्तातली नवी डर्ट बाईक सकाळी हटकून रुसते. किका मारून पाय दुखवण्याआधी किल स्विच (इंजिन बंद करणारं लाल बटण) आणि पेट्रोल कॉक (टाकीखालची तोटी) चालू आहेत का बघा. हसू नका, माझी अर्धी सकाळ त्या लाल बटणापायी गेली आहे.

थंड इंजिनाला चोक, म्हणजे हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका, लागतोच. पण इंजिन तापल्यावरही चोक काढताच गाडी बंद पडत असेल, तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त जातेय. बहुतेक वेळा दोष पायलट जेटचा असतो, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमधल्या, मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या भागाचा. त्याचं भोक केसाएवढं. कारखान्यातला कचरा किंवा महिनाभर साचलेलं पेट्रोल ते बुजवायला पुरतं. कॉक बंद करा, कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल काढा. वाटी उघडून जेट काढा, क्लीनर मारा, हवा मारा. उजेडाकडे धरल्यावर गोल भोक स्वच्छ दिसलं पाहिजे. तार मात्र घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेलाच.

जेट साफ असूनही तेच? मग कार्ब्युरेटर आणि इंजिनामधल्या रबराचे बोल्ट, क्लॅम्प आवळा. नव्या गाडीत ते ढिले सापडतात, तिथून फुकटची हवा आत शिरते.

स्पार्क प्लगही (इंजिनात ठिणगी पाडणारा) काढून बघा. काळा, ओला असेल तर उलटा प्रकार, पेट्रोल जास्त झालंय. पुसून, वाळवून बसवा आणि या वेळी चोक न लावता किक मारा.