जुन्या सीडीने प्रकाशाची तरंगलांबी कशी मोजावी आणि रंगांची झडती कशी घ्यावी

घरात पडून असलेली एखादी सीडी शोधा. ओरखडे असले तरी चालतील. सीडीवर एकच लांबलचक रेघ गोल गोल फिरत गेलेली असते आणि तिच्या दोन वेढ्यांमध्ये १६०० नॅनोमीटर अंतर असतं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. दोन्ही मापं इतकी जवळची आहेत, म्हणून तर सीडीवर रंग फाकतात.

आधी सीडी सोला

छापील बाजूवर कटरने एक चीर पाडा. तिच्यावर पॅकिंगची रुंद चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चंदेरी थर पापुद्र्यासारखा निघतो. दोन-तीनदा ओढावं लागेल, पण शेवटी पारदर्शक चकती हातात येते. डीव्हीडी घेऊ नका. तिच्यात दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि वेढ्यांमधलं अंतरही ७४० नॅनोमीटर असतं, त्यामुळे पुढची आकडेमोड बदलते.

तरंगलांबी मोजा

चकती भिंतीपासून बरोबर ५० सेंमीवर, भिंतीला समांतर उभी करा. मधल्या भोकाच्या उजवीकडच्या भागातून लाल लेझर पॉइंटरचा झोत सरळ भिंतीवर सोडा. झोत कोणाच्याही डोळ्यात जाता कामा नये, चकतीवरून उलटलेलासुद्धा. मुलं करणार असतील तर पॉइंटर मोठ्यांनीच धरावा.

भिंतीवर मधे एक ठिपका आणि दोन्ही बाजूंना एकेक ठिपका दिसेल. मधल्यापासून बाजूच्या ठिपक्याचं अंतर मोजा. समजा २२ सेंमी भरलं. आता ५० आणि २२ या बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा: सुमारे ५४.६. मग २२ भागिले ५४.६, गुणिले १६००. उत्तर ६४५ च्या आसपास येतं. पॉइंटरच्या लेबलवर बहुधा ६५० छापलेलं असतं. पट्टी आणि भंगारातल्या सीडीने इतकं जवळ पोचता येतं, ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते. हिरवा लेझर असेल तर ठिपका साधारण साडेसतरा सेंमीवर पडतो, कारण त्याची तरंगलांबी ५३२ असते. लांबी जास्त तितका प्रकाश जास्त वळतो. (प्रिझममध्ये उलटं होतं, तिथे जांभळा जास्त वळतो.)

आता खोका

बुटांच्या खोक्याच्या एका टोकाला, कडेजवळ, उभी खाच कापा. दोन जुन्या एटीएम कार्डांच्या कडा तिच्यावर जेमतेम अर्धा मिलिमीटर फट ठेवून चिकटवा. समोरच्या टोकाला, खाचेच्या बरोबर समोर, डोळ्यापुरतं भोक पाडा आणि त्यावर चकती अशी बसवा की भोकासमोर तिचा डावा किंवा उजवा भाग येईल. तिथे वेढे उभे असतात, खाचेला समांतर. झाकण लावा. खाच दिव्याकडे धरून भोकातून बघा. खाचेच्या बाजूला रंगांचा पट्टा दिसेल. सूर्याकडे खोका चुकूनही धरू नका. उन्हातली पांढरी भिंत पुरे.

भिंतीच्या प्रकाशात शाळेतलं तानापिहिनिपाजा सलग मिळतं: तांबडा ६२० च्या वर, पिवळा ५७० ते ५९०, हिरवा ४९५ ते ५७०, जांभळा ४५० च्या खाली. एलईडी दिव्यात निळा ठसठशीत, त्याच्या शेजारी मोरपंखी जागी मंद खळगा, मग पुन्हा हिरव्यापासून तांबड्यापर्यंत उजेड. सीएफएलमध्ये मात्र तुटक तुटक पट्टे.

खरा प्रयोग: दोन पिवळे

स्वयंपाकघरातला दिवा बंद करा. आइस्क्रीमची काडी मिठाच्या दाट पाण्यात भिजवून गॅसच्या ज्योतीत धरा. ज्योत पिवळी होते. डाळ उतू गेली की होते तशीच. खोक्यातून बघितलं की एकच पिवळी रेघ दिसेल, ५८९ नॅनोमीटरची. ती सोडियमची. १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरला आलेल्या जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने सूर्याच्या कडेवरच्या प्रकाशात पिवळी रेघ पाहिली होती. ती ५८७.५ ला निघाली, म्हणजे सोडियमची नव्हे. तीच हेलियमची पहिली खूण. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडलं.

आता मोबाइलवर पिवळं चित्र पूर्ण स्क्रीनभर उघडा आणि खोका त्याच्यापुढे धरा. हिरवा पट्टा आहे, तांबडा आहे, आणि पिवळ्याची जागा जवळजवळ रिकामी. ओएलईडी स्क्रीनवर हे फार स्वच्छ दिसतं. डोळ्याला मात्र दोन्ही पिवळेच.

याचं कारण डोळ्यात आहे. रंग ओळखायला आपल्याकडे तीनच प्रकारच्या शंकुपेशी. त्यांचा जोर साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटरला. ५८९ चा एकटा प्रकाश असो की हिरव्या-तांबड्याची भेसळ, या पेशींकडून मेंदूला सारखाच निरोप जाऊ शकतो. तरंगलांबी प्रकाशाची असते, रंग आपण ठरवतो. राणी कलर पट्ट्यात शोधून बघा. सापडणार नाही, कारण त्याची स्वतःची तरंगलांबीच नाही. तांबडा आणि निळा एकदम आले की तो दिसतो.

साडी घेताना दुकानाच्या दारात नेऊन उन्हात बघणाऱ्या बायकांचं म्हणूनच बरोबर असतं. दिव्याच्या प्रकाशात जी तरंगलांबी कमी, ती कापडावरून परतणार तरी कशी? घरी कपाटापाशी दिवा लावायचा असेल तर दिव्याच्या खोक्यावरचा सीआरआय बघा, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा. ८० सर्रास मिळतो, पण कपड्यांसाठी ९० च्या वरचाच मागा.