टी-शर्ट जुना झाला म्हणून लगेच फरशी पुसायला काढू नका

कोकणात घरटी टी-शर्टांचा ढीग असतोच आणि त्यातले निम्मे कोणी विकत आणलेलेच नसतात. गावच्या क्रिकेट टुर्नामेंटचे, मंडळाचे, निवडणुकीतले, आणि गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या बॅगेतून "घरात घालायला होतील" म्हणून उतरलेले. वापरून वापरून गळा सैल होतो, पावसाळ्यात कपाटात बुरशीचे ठिपके पडतात आणि मग तो जातो फरशीला नाहीतर बाईक पुसायला. त्यातला कॉटनचा टी-शर्ट म्हणजे खरंतर उत्तम मऊ कापड असतं, आणि शिवणयंत्र नसलं तरी त्याचं बरंच काही करता येतं.

पण कात्री हातात घ्यायच्या आधी कापड कसलं आहे ते बघा. हे न बघता रंगवायला घेतलं तर सगळी मेहनत फुकट. आतल्या शिलाईजवळून एक धागा ओढून काढा, चिमट्यात धरा आणि अंगणात जाऊन काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरली जाणारी राख राहिली तर कॉटन. वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर (गरम असताना हात लावू नका, चटका बसतो). दोन्ही थोडं थोडं झालं तर मिक्स. टुर्नामेंटचे चकचकीत जर्सीवाले बहुतेक पॉलिस्टरच निघतात, त्यांना घरगुती रंग धरत नाही, ते कापाकापीसाठी बाजूला ठेवा.

आता कापण्याबद्दल. टी-शर्टचं कापड होजिअरीचं, म्हणजे विणलेल्या फासांचं असतं, त्यामुळे कापलं तरी साडीसारखे दोरे सुटत नाहीत, कडा नुसती गुंडाळली जाते. म्हणूनच कडा दुमडून शिवायची गरज नसते आणि ती गुंडाळलेली कडाच छान दिसते. मात्र हे कापड ताणतं, आणि नवशिक्यांचा गळा इथेच हुकतो. गळा मोठा करायचा असेल तर घालून आरशासमोर उभं राहा, खडूने खूण करा, आणि खुणेच्या दोन बोटं आत कापा. एक-दोन धुण्यांत तो आपोआप खुणेपर्यंत येतो. पुढचा-मागचा एकदम कापू नका, पुढचा गळा नेहमी खोल असतो, आधी मागचा उथळ कापून मग पुढचा. कात्री धारदार हवी, स्वयंपाकघरातल्या दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीने दातरं येतात.

नेटवर दिसतात तशा पाठीवर आडव्या चिरा पाडून झालरी करायच्या डिझाइन्स मला अजिबात आवडत नाहीत, फोटोत बऱ्या दिसतात, एकदा धुतल्या की पाठीवर दोऱ्या लोंबतात. त्यापेक्षा बाह्या शिलाईच्या आतून कापून टाका, गळा थोडा रुंद करा, खालची पट्टी उडवा, झाला मोकळा गंजीफ्रॉक, मे महिन्यातल्या घामात ह्याच्याइतकं सुखाचं दुसरं काही नाही.

एक्सएल, डबल एक्सएल टी-शर्ट असेल तर लहान मुलीचा फ्रॉक होतो. काखेखाली आडवा कापा, वरचा भाग मुलीच्या मापाचा टी-शर्ट ठेवून दोन्ही बाजूंनी आत घ्या, आणि खाली आजीच्या जुन्या सुती साडीचा घेर लावा, काठासकट. साडीचं कापड ताणत नाही आणि टी-शर्टचं ताणतं, म्हणून चुण्या साडीला घालायच्या, टी-शर्टला नाही. दोन्हीचे चार-चार समान भाग करून खुणेवर खूण टाचणीने लावली की घेर एकीकडे गोळा होत नाही. मशीनला होजिअरीची सुई मागून घ्या, तिचं टोक गोलसर असतं, त्यामुळे फास तुटून भोकं पडत नाहीत. झिगझॅग असेल तर उत्तम, पायमशीनवर सरळच टीप असेल तर पॉलिस्टरचा दोरा वापरा आणि शिवताना कापड किंचित ताणून धरा, नाहीतर डोक्यातून घालताना टीप कटकट तुटते.

बुरशीचे काळे ठिपके असलेल्या टी-शर्टचं काय, हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. घासून घासून ते जात नाहीत आणि कापड मात्र विरतं. मग त्यांच्यावर भरतकाम करा की. आधी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा म्हणजे बुरशी मरेल, मग प्रत्येक ठिपक्यावर गाठीचा टाका. दोऱ्याच्या लडीतले सहा पदर असतात त्यातले तीन घ्या, सुई ठिपक्याच्या मधोमध वर काढा, दोरा सुईला दोनदा गुंडाळा, डाव्या हाताने दोरा ताणून धरून सुई अगदी शेजारी खाली घाला. बरोबर त्याच भोकात घातली तर गाठ खाली निघून जाते. पिवळे-पांढरे टाके एकत्र दाट घातले की सुरंगीच्या वळेसरासारखं (गजऱ्यासारखं) दिसतं, खांद्यावर ठिपके असतील तर खांद्यावरून छातीपर्यंत वळेसरच उतरवा, मधले रिकामे भाग भरून टाका. मागच्या बाजूला न विणलेल्या पातळ कापडाचा तुकडा (टेलर कॉलरमध्ये घालतात तो बकरम नको, फार कडक होतो) टाचून घेतला की भरताना टी-शर्ट चुरगळत नाही.

आता रंगाकडे या, कारण कोकणात राहून रंगाची पाकिटं विकत आणायची गरजच काय.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सागाला कोवळी पानं येतात, ती चुरगाळली की हात लालभडक होतात हे लहानपणी सगळ्यांनीच केलंय. तोच रंग टी-शर्टवर उतरवायचा. पांढरा किंवा फिका कॉटनचा टी-शर्ट साधारण दीडशे ग्रॅमचा असतो, त्याला वीस ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी पिळून वाळवा. मग आत वर्तमानपत्राचा जाड थर घालून तो पाटावर पसरा, पान शिरांची बाजू खाली करून ठेवा, वर प्लास्टिकचा कागद, आणि हातोडीने हलक्या हाताने ठोकत जा, आधी कडा, मग मधला भाग. जोरात ठोकलं तर पानाचा लगदा होतो आणि नुसता डाग पडतो. कागद उचलून मधेमधे बघा, शिरा न् शिरा उमटलेली दिसते. मी पडवीत ठोकत बसले होते तर शेजारच्या काकी आल्या, "ह्या काय चल्लाहा गो तुझा?" म्हणाल्या, आणि झाल्यावर स्वतःच्या उशांचे अभ्रे घेऊन आल्या. दोन दिवस तसाच सावलीत राहू द्या, मग साध्या पाण्यात धुवा. रंग थोडा फिका होतोच, आणि उन्हात वाळवला तर लवकर उडतो, त्यामुळे हा टी-शर्ट कायम सावलीत वाळवायचा.

पक्का रंग हवा असेल तर हिरडा. तीसेक ग्रॅम हिरड्याची पूड (आयुर्वेदिक दुकानात मिळते) गरम पाण्यात कालवा, गाळा, त्यात टी-शर्ट रात्रभर ठेवा, न धुता पिळून वाळवा. फिका पिवळट होईल. दुसरीकडे आठवडाभर आधीच काचेच्या बरणीत गंजलेले खिळे, एक वाटी व्हिनेगर, एक वाटी पाणी घालून ठेवलेलं असू दे, झाकण सैल ठेवा, आत गॅस होतो. हे लोखंडाचं पाणी गाळून त्यातले दोन-तीन चमचे अर्ध्या बादलीत टाका आणि हिरड्याचा टी-शर्ट त्यात बुडवा. डोळ्यांदेखत राखाडी होत जातो, काही मिनिटांत गडद. हिरड्यातलं टॅनिन (तुरट चव देणारं द्रव्य) आणि लोह एकत्र आलं की काळं होतं, पूर्वी हिरडा आणि हिराकसाची (हा लोहाचा क्षार) शाई करायचे ती ह्याच तत्त्वावर. लोखंड जास्त झालं तर कापड कालांतराने कमजोर होतं, त्यामुळे बरणी पूर्ण ओतू नका. बुडवायच्या ऐवजी ब्रशने चित्र काढलं किंवा नाव लिहिलं तरी चालतं, फक्त तेवढंच काळं होतं.

आणि काजूच्या सीझनमध्ये बोंडूच्या (काजूच्या फळाच्या) रसाचे जे डाग पडतात, जे कशानेही जात नाहीत, त्यांच्यातही टॅनिनच असतं. त्यामुळे डागांचा टी-शर्ट ह्या लोखंडाच्या पाण्यात घातला की डाग आणखी गडद होतात. डाग दोन-चारच असतील तर मुद्दाम बोंडूच्या फोडीने अजून शिक्के मारा आणि मग बुडवा, लोकांना वाटतं डिझाइनच आहे.

काळा टी-शर्ट विटला असेल तर उलटं करायचं, रंग चढवण्याऐवजी काढायचा. पावसात चिऱ्याच्या गडग्यावर नेचा उगवतो, त्याची दोन-तीन चपटी पानं आणून टी-शर्टवर ठेवा, आत पुठ्ठा घाला म्हणजे मागे झिरपणार नाही. कपडे धुवायचं पांढरं करणारं ब्लीच आणि पाणी निम्मं-निम्मं स्प्रे बाटलीत भरून वरून हलका फवारा मारा. आजूबाजूचा काळा रंग विटकरी-केशरी होतो आणि पानाची आकृती काळीच राहते. हवा तेवढा रंग आला की लगेच भरपूर पाण्यात धुवा, मग केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं पाण्यात घालून त्यात दहा मिनिटं ठेवा, नाहीतर ब्लीच आतल्या आत कापड खात राहतं. हातमोजे घाला, हे काम अंगणातच करा, आणि ती मघाची व्हिनेगरची बरणी ह्याच्या जवळपास आणू नका, ब्लीच आणि व्हिनेगर (किंवा संडास साफ करायचं ॲसिड) एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू होतो. पॉलिस्टरवर ह्याचा काही उपयोग नाही.

छातीवर उमेदवाराचं तोंड किंवा भलंमोठं नाव छापलेलं असेल तर रंग त्या रबरी छपाईवर चढत नाही. सरळ उलटा करून घाला, गळ्याची जाड पट्टी कापून टाका आणि बाह्यांच्या कडा बाहेर दुमडा, आतल्या शिलाया बाहेर आल्या तरी वाईट दिसत नाही.

जे घालण्याच्या पलीकडे गेलेत त्यांची सुतळी करा. काखेखाली आडवं कापा, खालची शिलाईची पट्टी काढा, उरेल तो नळकांड्यासारखा तुकडा. तो आडवा ठेवून, म्हणजे टी-शर्टच्या दोन्ही बाजू वर-खाली येतील असा, खालची कड वरच्या कडेच्या तीन बोटं अलीकडे राहील अशी घडी घाला, आणि घडीकडून वर बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापत जा, पण वरच्या त्या तीन बोटांच्या पट्टीपर्यंतच, ती शाबूत ठेवायची. मग तो न कापलेला भाग उघडून हातावर पसरा आणि एका बाजूची पहिली चीर समोरच्या बाजूच्या दुसऱ्या चिरेला तिरकं कापून जोडा, दुसरी तिसरीला, असं करत गेलं की सगळा टी-शर्ट एकसंध लांब पट्टी होतो. थोडी थोडी ओढत जा, गोल गुंडाळून जाड दोरी बनते. बाजूला शिलाई नसलेला टी-शर्ट असेल तर गाठी येत नाहीत. तीन रंगांची वेणी घालून ती गोल गुंडाळत शिवली की दाराशी पायपुसणं, पाणी भरपूर शोषतं, पावसाळ्यात दोन तरी हवीतच.

पॉलिस्टरच्या जर्सीची पिशवी करा. बाह्या कापा, गळा खोल कापा, खालून दोन थरांना एकत्र पट्ट्या पाडून समोरासमोरच्या पट्ट्यांच्या दोन-दोन गाठी मारा, शिलाई लागत नाही. भाजीला नारळाला चांगली, पटकन वाळते. मासळीला मात्र नको, पॉलिस्टरमध्ये तेलकट वास बसतो तो जात नाही.

बाह्या उरतात त्या केस बांधायला, आणि कापून काढलेल्या शिलाईच्या पट्ट्या पडवळ-दोडक्याचे वेल मांडवावर बांधायला, ताणतात म्हणून वेल जाड झाला तरी देठाला काचत नाहीत.