हप्त्यापूर्वीची तयारी: पीएम-किसान आणि नमो शेतकरी निधी

पीएम-किसान सन्मान निधीतून पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात मिळतात. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने २०२३ पासून त्यात तेवढ्याच रकमेची भर घातली आहे. राज्याची योजना केंद्राच्या लाभार्थी यादीवर आधारलेली असल्याने केंद्राचा हप्ता अडला की राज्याचाही अडतो. हप्त्याची तारीख जाहीर झाल्यावर सेवा केंद्रांवर गर्दी होते, म्हणून पुढील कामे त्याआधीच उरकावीत.

प्रथम पात्रता पाहावी. योजनेच्या दृष्टीने कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले, आणि लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. मागील आकारणी वर्षात आयकर भरलेल्यांना, चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी कर्मचाऱ्यांना आणि नोंदणीकृत डॉक्टर, वकील, अभियंते अशा व्यावसायिकांना तो मिळत नाही. अपात्र असताना घेतलेली रक्कम वसूल केली जाते.

त्यानंतर ताजा सातबारा आणि आठ-अ काढून त्यांवरील नाव आधार कार्डाशी अक्षरशः ताडून पाहावे. विवाहानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तफावत हमखास आढळते. ती आधारवर दुरुस्त करायची की महसूल अभिलेखात, हे तलाठी कार्यालयात विचारून ठरवावे. जमिनीच्या सामाईक खात्यातील प्रत्येक पात्र कुटुंबाचा हक्क स्वतंत्र असतो, हेही ध्यानात ठेवावे.

जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असावी, ही मूळ अट आहे. मात्र खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने आलेल्या जमिनीला तिच्यातून सूट आहे. तरीही ज्या घरात कर्ता माणूस गेला आणि वारस नोंद झालीच नाही, तेथे जमीन कसणारी विधवा कागदोपत्री शेतकरीच ठरत नाही. खरी गरज तिचीच असते, म्हणून मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती जोडून वारस नोंदीचा अर्ज विनाविलंब करावा, फेरफार मंजूर झाल्यावर तिच्या नावाने नवी नोंदणी करावी आणि मृताच्या खात्यावर हप्ते जमा होत राहिले असल्यास ती बाब स्वतःहून कृषी कार्यालयाला कळवावी. नव्या नोंदणीसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागतो. तो आधीच काढून ठेवावा.

बँकेच्या बाबतीत अनेक शेतकऱ्यांची समजूत अपुरी आहे. खाते उघडताना आधारची प्रत दिली म्हणजे खाते अनुदानासाठी जोडले गेले, असे होत नाही. आधार क्रमांक राष्ट्रीय देयक महामंडळाच्या (एनपीसीआय) नोंदीत ज्या बँकेशी जोडलेला असेल, तेथेच रक्कम जाते. शेतकऱ्याने नंतर दुसऱ्या बँकेत खाते काढून तेथे संमती दिलेली असेल, तर पैसे त्या खात्यात जातात आणि तो जुनेच पासबुक भरून घेत राहतो. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर सध्या कोणती बँक जोडलेली आहे हे दिसते. ते पाहून आवश्यक असल्यास हव्या त्या बँकेत ‘डीबीटीसाठी (म्हणजे अनुदान थेट खात्यात जमा होण्यासाठी) आधार जोडणी’ असा स्पष्ट उल्लेख करून संमतीपत्र द्यावे. बँक दूर असेल, तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते पोस्टमनमार्फतही उघडता येते.

ई-केवायसीसाठी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळण्यासाठी, मोबाइल आधारशी जोडलेला असल्यास पीएम-किसानच्या संकेतस्थळावर ओटीपीने, नसल्यास सेवा केंद्रात बोटांच्या ठशाने काम होते. कष्टाने ठसे झिजलेल्या वृद्धांसाठी पीएम-किसान अ‍ॅपवर चेहरा दाखवून पडताळणी करण्याची सोय आहे. घरातील तरुणांनी त्यांना ती करून द्यावी. ओटीपी मात्र फोनवरून विचारणाऱ्या कोणालाही सांगू नये.

शेवटी पीएम-किसानच्या संकेतस्थळावर लाभार्थी स्थिती उघडून जमीन पडताळणी, ई-केवायसी आणि आधार-बँक जोडणी या तिन्हींसमोर ‘होय’ आहे का, ते पाहावे. जमीन पडताळणीसमोर ‘नाही’ असल्यास सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच अवश्य घ्यावी.